मर्यादित खर्चात घराची सुरक्षा: कुलूप, सेन्सर, सायरन आणि कॅमेरा कोणत्या क्रमाने घ्यावेत

घराच्या सुरक्षेसाठी काही घ्यायचे ठरले की बहुतेक घरांत पहिला विषय कॅमेऱ्याचा निघतो. हाताशी पैसा भरपूर असेल तर त्यात फारसे बिघडत नाही. पण पैसे मोजके असतील, तर ते या पहिल्याच खरेदीत संपतात आणि दाराचे कुलूप मात्र होते तसेच राहते. कॅमेरा घडलेली गोष्ट दाखवतो. तो दार अडवत नाही, आणि त्याचे चित्र त्या क्षणी कोणी पाहत नसेल तर कोणाला बोलावतही नाही. म्हणून या लेखात खरेदीचा क्रम वेगळा ठेवला आहे: आधी अडथळा, मग इशारा, मग तो इशारा ऐकून हालचाल करणारा माणूस, आणि या तिन्हींची सोय झाल्यावर कॅमेरा.

या क्रमामागे वेळेचा साधा हिशेब आहे. आत शिरून, हवे ते उचलून बाहेर पडायला चोराला काही मिनिटे लागतात; आणि इशारा झाल्यापासून कोणीतरी दाराशी पोहोचायलाही काही मिनिटे लागतात. पहिला वेळ दुसऱ्यापेक्षा जास्त असेल तरच यंत्रणेचा खरा उपयोग होतो. त्यामुळे विकत घ्यायच्या प्रत्येक वस्तूबद्दल एकच विचारावे, की ती चोराचा वेळ वाढवते का, किंवा मदत पोहोचण्याचा वेळ कमी करते का. दोन्हींचे उत्तर नाही असे आले, तर ती वस्तू यादीत खाली जाते, मग तिची जाहिरात कितीही आकर्षक असो.

पायरी १: घराभोवती फेरी आणि एक कागद

खरेदीआधी घराला बाहेरून एक पूर्ण फेरी मारावी, शक्यतो एकदा उजेडात आणि एकदा अंधारात. प्रत्येक दार, खिडकी, गच्चीचे तोंड, बाल्कनी, व्हेंटिलेटर आणि ज्यावरून वर चढता येईल असा पाइप किंवा कट्टा कागदावर लिहावा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी नोंदवाव्यात: जमिनीवरून किंवा शेजारच्या छतावरून तिथे हात पोहोचतो का, ते आतून कशाने बंद होते, आणि तिथे कोणी खटपट करत असेल तर ते कोणाला दिसेल किंवा ऐकू येईल. मागचे दार सहसा याच टप्प्यावर लक्षात येते. पुढच्या दाराला दोन कुलपे आणि मागच्या दाराला एक जुनी कडी, असे चित्र फार घरांत असते, आणि आत शिरणारा माणूस अर्थातच मागच्या बाजूने येतो.

याच कागदावर आणखी एक ओळ लिहावी, जी बहुतेक लोक लिहीतच नाहीत: रात्री दोन वाजता, आणि दुपारी घर रिकामे असताना, इशारा वाजला तर नेमके कोण येणार आणि त्याला किती वेळ लागणार. या प्रश्नाला नावानिशी उत्तर नसेल, तर महागडी यंत्रणा घेण्यापेक्षा दोन शेजाऱ्यांशी बोलून ठेवणे अधिक उपयोगाचे आहे, आणि त्याला काहीच खर्च येत नाही.

पैशांची वाटणी घरागणिक बदलेल. तरी माझ्या मते साधारण निम्मी रक्कम दारे-खिडक्यांवर, त्यानंतरचा मोठा वाटा सेन्सर आणि सायरनवर, आणि उरलेली कॅमेऱ्यावर खर्च व्हावी. दारे-खिडक्या आधीच भक्कम असतील तर ही वाटणी अर्थातच पुढे सरकते.

पायरी २: दार आणि खिडकी

दार जोरात ढकलून किंवा लाथ मारून उघडले जाते, तेव्हा अनेकदा कुलूप तुटत नाही. ज्या चौकटीत कुलपाचा दांडा शिरतो, ती चौकट फाटते. दांडा ज्या धातूच्या पट्टीत जाऊन बसतो ती पट्टी बहुधा अर्ध्या-पाऊण इंचाच्या स्क्रूंनी चौकटीच्या फक्त वरच्या लाकडात बसवलेली असते. ती काढून जाड आणि लांब पट्टी बसवावी, आणि सुमारे ७५ मिलिमीटर लांबीचे स्क्रू वापरावेत, म्हणजे ते चौकटीतून मागच्या भिंतीत किंवा भक्कम आधारात शिरतात. भिंत विटांची किंवा काँक्रीटची असेल तर तिथे योग्य अँकर लागतो. बिजागऱ्यांनाही हेच लागू आहे: प्रत्येक बिजागरीतला निदान एक स्क्रू लांब असावा. या सगळ्या कामाचा खर्च एखाद्या स्वस्त कॅमेऱ्याहूनही कमी असतो, आणि चोराचा वेळ वाढवण्यात त्याची बरोबरी करणारी दुसरी वस्तू मला तरी माहीत नाही.

कुलूप निवडताना स्प्रिंगवर चालणारे लॅच आणि दांड्याचे डेडबोल्ट यांतला फरक समजून घ्यावा. दार नुसते ओढून घेतल्यावर लागणारे लॅच सोयीचे असते, पण त्याची तिरकी जीभ फटीतून घातलेल्या पातळ पट्टीने मागे सरकवता येऊ शकते. डेडबोल्टचा दांडा किल्ली फिरवल्याशिवाय मागे जात नाही. तो चौकटीत किमान २५ मिलिमीटर आत जाणारा असावा. ज्या दारांना काढता-बसवता येणारा लांबट सिलिंडर (कुलपाचा किल्ली घालायचा भाग) असतो, तिथे तो सिलिंडर हँडलच्या पट्टीच्या बाहेर किती आला आहे ते बोटाने चाचपून पाहावे. दोन-तीन मिलिमीटरहून जास्त बाहेर आलेला सिलिंडर पकडीत धरून मधोमध मोडता येतो, कारण स्क्रूच्या भोकापाशी त्याची धातू सर्वांत पातळ असते. योग्य लांबीचा आणि मोडण्यास विरोध करणारा सिलिंडर बसवणे हे काही मिनिटांचे काम आहे.

दार स्वतः पोकळ असेल, म्हणजे दोन पातळ फळ्यांमध्ये पुठ्ठ्याची जाळी असलेले, तर त्यावर कितीही चांगले कुलूप लावले तरी उपयोग मर्यादित राहतो. ते बाहेरच्या बाजूला असेल तर कॅमेऱ्याचा विचार बाजूला ठेवून आधी दार बदलावे. बिजागऱ्यांचे खिळे बाहेरच्या बाजूला येत असतील तर ते निघणार नाहीत अशा बिजागऱ्या घ्याव्यात. दाराला आय-होल असावे. साखळीवर मात्र फार विसंबू नये, कारण तिचे स्क्रू एका जोरदार धक्क्यात निघून येतात.

सरकत्या खिडक्यांची आणि दारांची झडप पुष्कळदा वर उचलून रुळातून बाहेर काढता येते. वरच्या रुळात उचलण्याला अटकाव करणारा ठोकळा किंवा स्क्रू बसवला आणि खालच्या रुळात मापाने कापलेली काठी आडवी ठेवली, की हा मार्ग जवळपास फुकटात बंद होतो. काचेवर लावायची सुरक्षा-फिल्म काच फुटू देते, पण तुकडे एकत्र धरून ठेवते आणि त्यातून हात घालायला वेळ लावते. ती फक्त हात पोहोचेल अशा काचांना लावली तरी पुरते.

ग्रिलबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. सगळ्या खिडक्या कायमच्या ग्रिलने बंद केल्या आणि घराला एकच दार असले, तर आगीच्या वेळी आतल्या माणसांना बाहेर पडायला वाट राहत नाही. झोपण्याच्या खोल्यांच्या बाजूला निदान एक ग्रिल आतून उघडणारे असावे, ते उघडायला किल्ली शोधावी लागू नये, आणि घरातल्या मुलांना व वृद्धांनाही ते उघडता यावे. चोरी टाळताना जीव धोक्यात घालणारी व्यवस्था कधीही स्वीकारू नये.

पायरी ३: इशारा देणारे सेन्सर

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचा सेन्सर म्हणजे दाराचा चुंबकीय सेन्सर. त्याच्या एका तुकड्यात काचेच्या लहान नळीत धातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात, दुसऱ्या तुकड्यात चुंबक. दार बंद असताना चुंबकामुळे पट्ट्या एका स्थितीत राहतात. दार उघडले की चुंबक दूर जातो, पट्ट्यांची स्थिती बदलते आणि इशारा जातो. तत्त्व जुने आहे: अमेरिकेत १८५३ साली ऑगस्टस पोप यांनी पेटंट घेतलेली विजेची घंटाही दार किंवा खिडकी उघडताच विद्युत-मंडलात होणाऱ्या बदलावरच वाजत असे. हा सेन्सर बसवताना दोन तुकड्यांमधले अंतर पाहावे. बहुतेकांना ते १ ते २ सेंटिमीटरच्या आत लागते. लोखंडी दारावर चुंबकाचा प्रभाव कमी होतो, म्हणून तिथे प्लास्टिकची पट्टी मध्ये ठेवून बसवावा किंवा धातूच्या दारासाठीचा सेन्सर घ्यावा. दोन झडपांचे दार असेल तर दोन्ही झडपांना सेन्सर हवा.

या सेन्सरची मर्यादाही लक्षात असू द्यावी. त्याला फक्त उघडणे कळते. काच फोडून कोणी आत आले आणि झडप हललीच नाही, तर तो गप्प राहतो. शिवाय तो वाजतो तेव्हा दार उघडून झालेले असते, म्हणजे भक्कम दाराने मिळवून दिलेला सगळा वेळ इशारा होण्याआधीच खर्च झालेला असतो. याच कारणासाठी मुख्य आणि मागच्या दारावर कंपन ओळखणारा सेन्सर जोडीला लावणे फायद्याचे ठरते: दारावर पहिला घाव पडताच तो वाजतो, आणि चोर अजून बाहेरच असतो. त्याची संवेदनशीलता कमी-जास्त करता येते ना, हे घेताना पाहावे, नाहीतर वाऱ्याने दार आपटले तरी सायरन सुरू होईल.

खोलीतली हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर स्वतः काहीही सोडत नाही. तो समोरच्या भागातून येणारी उष्णतेची अदृश्य किरणे टिपतो. त्याच्या पुढची नक्षीदार प्लास्टिकची भिंग खोलीचे पंख्यासारखे पट्टे पाडते, आणि उबदार शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेले की सेन्सरला ते कळते. यातून बसवण्याचे जवळपास सगळे नियम निघतात. माणूस सेन्सरच्या दिशेने सरळ चालत आला तर पट्टे कमी ओलांडले जातात, आडवा गेला तर जास्त. म्हणून सेन्सर दाराच्या समोर न लावता, आत येणारा माणूस त्याच्यासमोरून आडवा जाईल अशा कोपऱ्यात, जमिनीपासून साधारण २ ते २.४ मीटर उंचीवर लावावा. सामान्य घरगुती सेन्सर १० ते १२ मीटरपर्यंत पाहतो, म्हणून लहान घरात एकच सेन्सर बैठकीच्या खोलीत किंवा सगळ्या खोल्यांना जोडणाऱ्या मार्गिकेत पुरतो. प्रत्येक खोलीत एक लावण्याची गरज नसते.

साधी काच ही किरणे अडवते, त्यामुळे खिडकीच्या आत ठेवलेला पीआयआर सेन्सर बाहेरचा माणूस ओळखू शकत नाही. विक्रेता तसे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. ऊन थेट पडणारी जागा, हीटर, एसीचा झोत आणि हलणारे पडदे यांच्यासमोर तो लावला तर खोटे इशारे येतात. खोलीचे तापमान शरीराच्या तापमानाजवळ, म्हणजे ३५ ते ३७ अंशांपर्यंत गेले, तर माणूस आणि भिंत यांतला फरक कमी होऊन सेन्सर मंदावतो. उष्ण जागेत तापमानानुसार स्वतःला जुळवून घेणारा, किंवा उष्णता आणि सूक्ष्मलहरी दोन्ही वापरणारा सेन्सर घेणे शहाणपणाचे. पाळीव प्राण्यांसाठी खास म्हणून विकले जाणारे सेन्सर जमिनीलगतची हालचाल दुर्लक्षित करतात. कपाटावर उडी मारणाऱ्या मांजरापुढे त्यांचा उपाय चालत नाही.

खोट्या इशाऱ्यांबद्दल इतके लिहिण्याचे कारण म्हणजे त्यांच्यामुळे पायरी १ मधला मदतीला येणारा माणूस गमावला जातो. वारंवार विनाकारण वाजणाऱ्या सायरनकडे शेजारी लवकरच लक्ष देईनासे होतात, आणि घरचेही तो बंद करून ठेवतात. दोन भरवशाचे सेन्सर दहा चंचल सेन्सरांपेक्षा केव्हाही चांगले.

पायरी ४: सायरन आणि सूचना

सायरनच्या खोक्यावर डेसिबलचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, पण तो किती अंतरावर मोजला हे बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो, आणि दहापट झाले की २० डेसिबलने. म्हणजे १ मीटरवर ११० डेसिबल देणारा सायरन १६ मीटरवर सुमारे ८६ डेसिबल ऐकू येतो. मध्ये भिंत आणि बंद खिडक्या आल्या तर त्याहून बराच कमी. आणि १० सेंटिमीटरवर मोजलेला १२० चा आकडा १ मीटरवरच्या १०० च्याच तोडीचा असतो. दोन सायरनांची तुलना नेहमी १ मीटरवरच्या आकड्यानेच करावी.

शक्य असेल तर एक सायरन आत आणि एक बाहेर उंचावर, हात पोहोचणार नाही असा लावावा. आतला सायरन आत थांबणे असह्य करतो, बाहेरचा लोकांना कळवतो. बाहेरच्या सायरनला स्वतःची बॅटरी असावी आणि झाकण उघडले किंवा वायर कापली तरी तो वाजावा. एकच घेणे परवडत असेल तर शेजारी किती जवळ आहेत त्यावर ठरवावे: ते लागूनच असतील तर आतलाही पुरेल, घर एकटे असेल तर बाहेरचा घ्यावा.

घर एकटे असेल, किंवा दिवसभर आसपास कोणी नसेल, तर फोनवर येणारी सूचना महत्त्वाची ठरते. ती एकाच फोनवर ठेवू नये. ॲपची नुसती सूचना झोपेत किंवा बैठकीत निसटते. पॅनेल, म्हणजे सगळ्या सेन्सरचे इशारे घेणारा मुख्य डबा, थेट फोन करत असेल तर ते अधिक उपयोगी.

पायरी ५: पॅनेल, नेटवर्क आणि वीज

अगदी कमी पैशांत सुरुवात करायची असेल, तर ज्यात सेन्सर आणि सायरन एकाच लहान डबीत असतात असे सुटे दार-अलार्म पुरतात. त्यांना पॅनेल लागत नाही. मात्र ते फोनवर काही कळवत नाहीत आणि त्यांचा आवाज बेताचा असतो. पुढची पायरी म्हणजे बिनतारी किट: एक पॅनेल, दोन-तीन सेन्सर, एक सायरन आणि रिमोट. भाड्याच्या घरात हेच योग्य, कारण चिकटपट्टीवर बसते आणि जाताना सोबत नेता येते. घराचे बांधकाम किंवा रंगकाम चालू असेल तर तारेची यंत्रणा घालून घ्यावी; तिला सेन्सरच्या बॅटऱ्या बदलत बसावे लागत नाही आणि रेडिओ-लहरी गोंधळवून ती बंद पाडता येत नाही.

बिनतारी किट घेताना तीन प्रश्न विचारावेत. रिमोटचा कोड प्रत्येक वेळी बदलतो का. स्थिर कोड हवेतून पकडून पुन्हा वापरता येतो. सेन्सर ठरावीक वेळाने पॅनेलला आपली हजेरी कळवतो का. नाहीतर त्याची बॅटरी संपली तरी महिनोन्‌महिने कळत नाही. आणि पुढे सुटा सेन्सर वाढवता येतो का, तो त्याच कंपनीचा घ्यावा लागतो का. युरोपात ईएन ५०१३१ या मानकात अशा यंत्रणांचे १ ते ४ असे चार दर्जे केलेले आहेत, आणि सामान्य घरांसाठी पहिले दोन दर्जे विचारात घेतले जातात. खोक्यावर असा दर्जा छापलेला असेल तर निदान काही चाचण्या झाल्याचे कळते.

वीज गेली की काय होते, हे विकत घेण्याआधी कागदावर मांडावे. १२ व्होल्ट आणि ७ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी असलेले पॅनेल ०.३ अँपिअर घेत असेल, तर हिशेबाने सुमारे २३ तास चालते. बॅटरी जुनी झाली की त्याहून बरेच कमी. पॅनेल चालू राहिले तरी राऊटर बंद पडला तर सूचना जात नाही, म्हणून वाय-फायवर अवलंबून असलेल्या किटसाठी राऊटरला लहान यूपीएस लावणे हा खर्च यादीत धरलाच पाहिजे. सिमकार्ड घेणारे पॅनेल असेल तर ते ४जी वर चालते का ते पाहावे. जुनी नेटवर्क बंद होत जातात. अमेरिकेत एटी अँड टी या कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये ३जी सेवा बंद केली, तेव्हा त्या नेटवर्कवर चालणाऱ्या अलार्म-पॅनेलांचे भाग बदलण्यावाचून ग्राहकांना गत्यंतर नव्हते.

पायरी ६: कॅमेरा

आता कॅमेरा. इथे मेगापिक्सेलच्या आकड्याने फसायला होते, म्हणून एक हिशेब नीट समजून घ्यावा. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखता येण्यासाठी, त्या माणसाच्या जागी दृश्याच्या प्रत्येक मीटर रुंदीला २५० पिक्सेल मिळावेत, असा सीसीटीव्हीच्या क्षेत्रातला प्रचलित निकष आहे. ओळखीचा माणूस ओळखायला १२५, आणि कोणीतरी आहे एवढेच कळायला २५ पिक्सेल पुरतात. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा १९२० पिक्सेल रुंद चित्र देतो. १९२० ला २५० ने भागले की ७.७ मीटर येतात. म्हणजे दृश्याची रुंदी ७.७ मीटरहून जास्त झाली की चेहऱ्याची खात्री संपली. भिंगाचा कोन ९० अंश असेल तर दृश्याची रुंदी अंतराच्या दुप्पट असते. याचा अर्थ हा कॅमेरा साधारण ३.८ मीटरपर्यंतच चेहरा खात्रीने ओळखू देतो. संपूर्ण अंगण दाखवणाऱ्या रुंद चित्रात फाटकाजवळचा माणूस म्हणजे केवळ एक आकृती.

म्हणून एकच कॅमेरा घ्यायचा असेल तर तो अंगण दाखवायला न लावता, ज्या जागेतून प्रत्येकाला जावेच लागते त्या दाराकडे किंवा जिन्याच्या तोंडाकडे लावावा. फार उंच लावला तर टोपी आणि डोके दिसते, चेहरा नाही. हात पोहोचणार नाही आणि चेहराही दिसेल असा मधला मार्ग काढावा लागतो. दारावरच्या घंटीतला कॅमेरा या दृष्टीने चांगला, कारण तो चेहऱ्याच्या जवळपासच्या उंचीवर असतो. उजेड माणसाच्या पाठीमागून येत असेल तर चेहरा काळा पडतो. अशा जागेसाठी डब्ल्यूडीआर (उजेडाचा आणि अंधाराचा भाग एकाच चित्रात स्पष्ट दाखवण्याची सोय) असलेला कॅमेरा लागतो.

रात्रीसाठी कॅमेऱ्यात असलेल्या इन्फ्रारेड दिव्यांपैकी ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे दिवे लांबवर पोहोचतात पण अंधारात त्यांचा मंद लाल ठिपका दिसतो. ९४० नॅनोमीटरचे दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी असतो. खिडकीच्या काचेमागून कॅमेरा लावला तर रात्री हे दिवे काचेवर परावर्तित होऊन चित्र पांढरे होते. कॅमेऱ्याजवळ हालचालीने लागणारा साधा दिवा लावला तर चित्र रंगीत आणि स्पष्ट मिळते, आणि दिवा लागल्याने येणारा सावधही होतो. महाग रात्र-कॅमेऱ्यापेक्षा हा पर्याय मला अधिक योग्य वाटतो.

साठवणुकीचे गणित सोपे आहे. सेकंदाला २ मेगाबिट वापरणारा कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट जागा घेतो. १२८ गिगाबाइटच्या मेमरी कार्डात सहा दिवसांहून थोडे कमी, आणि चार कॅमेऱ्यांसाठी १ टेराबाइटच्या हार्ड डिस्कमध्ये साडेअकरा दिवस बसतात. फक्त हालचाल झाल्यावर चित्रण केले तर हा काळ पुष्कळ वाढतो. सतत लिहिले जाणारे साधे कार्ड लवकर खराब होते, म्हणून सततच्या चित्रणासाठी बनवलेले कार्डच घ्यावे. कार्ड कॅमेऱ्यातच असेल तर कॅमेऱ्यासोबत पुरावाही चोरीला जातो. डीव्हीआर किंवा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डबा) बैठकीत टीव्हीखाली न ठेवता कुलूपबंद कपाटात ठेवावा. पुढे दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा जोडायचा असेल तर ऑनव्हिफ हे सामायिक मानक पाळणारी उपकरणे घ्यावीत.

कॅमेऱ्याच्या चौकटीत शेजाऱ्याची खिडकी किंवा दार येता कामा नये. युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये असा निर्णय दिला, की घरावरचा कॅमेरा सार्वजनिक जागेचेही चित्रण करत असेल तर ती निव्वळ खासगी बाब राहत नाही. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असले तरी बहुतेक कॅमेऱ्यांत चित्राचा ठरावीक भाग झाकण्याची सोय असते. ती वापरावी, आणि शेजाऱ्यांना चित्र एकदा दाखवून टाकावे. अडचणीच्या वेळी धावून येणारे तेच असतात.

पायरी ७: खोक्यावर न छापलेला खर्च

किटची किंमत हा खर्चाचा पहिला हप्ता असतो. पुष्कळ कॅमेरे स्वस्तात मिळतात आणि जुने चित्रण पाहण्यासाठी, किंवा माणूस आणि मांजर यांतला फरक ओळखण्यासाठी दरमहा वर्गणी मागतात. ही वर्गणी किटच्या किमतीच्या ५ टक्के असेल तर २० महिन्यांत दुसऱ्या किटइतके पैसे जातात, आणि पाच वर्षांत तीन किटांइतके. म्हणून तुलना नेहमी पाच वर्षांच्या एकूण खर्चाने करावी: खरेदी, बसवणे, साठ महिन्यांची वर्गणी, सेन्सरच्या बॅटऱ्या, आणि पॅनेलच्या बॅटरीची निदान एक बदली. वर्गणी थांबवली तर नेमके काय बंद पडते, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. काही उपकरणे वर्गणीशिवाय थेट दृश्य तरी दाखवतात, काहींचा उपयोग जवळजवळ संपतो.

सतत देखरेख करणाऱ्या कंपनीची सेवा महाग असते. पायरी १ मधल्या कागदावर येणाऱ्या माणसाचे नाव कोरे राहिले असेल, तेव्हाच तिचा विचार करावा. आणि करार किती वर्षांचा आहे, मध्येच सोडल्यास काय भरावे लागते, आणि उपकरणे आपल्या मालकीची राहतात का, हे आधी वाचावे. घराचा विमा असेल तर कोणत्या प्रतीच्या कुलपाने किंवा अलार्मने हप्ता कमी होतो हे विमा कंपनीला विचारायला विसरू नये.

बचतीच्या नावाखाली केल्या जाणाऱ्या दोन गोष्टी मी सुचवणार नाही. नकली कॅमेरा जाणकाराला लवकर कळतो, आणि घरच्यांना मात्र उगाच निर्धास्त करतो. जुना स्मार्टफोन कॅमेरा म्हणून वापरता येतो, पण चोवीस तास चार्जरला लावून ठेवल्याने त्याची बॅटरी फुगण्याचा धोका असतो; तात्पुरत्या उपयोगापलीकडे तो नको.

पायरी ८: पासवर्ड

इंटरनेटला जोडलेला कॅमेरा बाहेरच्यांसाठीही एक दार ठरू शकतो. २०१६ साली मिराई या मालवेअरने कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, आणि त्यांचा वापर करून २१ ऑक्टोबर रोजी संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणारी सेवा पुरवणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर झालेल्या हल्ल्यात अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. पहिल्याच दिवशी मूळ पासवर्ड बदलावा, ॲपवर दुहेरी पडताळणी चालू करावी, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे, राऊटरमधले यूपीएनपी (उपकरणांना इंटरनेटकडे आपोआप वाट उघडून देणारी सोय) बंद करावे आणि कॅमेऱ्यांना पाहुण्यांच्या वेगळ्या वाय-फायवर ठेवावे. जुना कॅमेरा विकत घेतला असेल तर तो आधीच्या मालकाच्या खात्यातून काढला गेला आहे याची खात्री करूनच जोडावा. झोपण्याच्या खोलीत कॅमेरा लावूच नये.

पायरी ९: बसवणे आणि तपासणे

वस्तू परत करण्याची मुदत संपण्याआधी सगळी तपासणी उरकावी. पीआयआर सेन्सर चाचणीच्या स्थितीत ठेवून खोलीच्या प्रत्येक वाटेने सावकाश चालून पाहावे. दरवाजा बोटभर उघडून चुंबकीय सेन्सर केव्हा वाजतो ते पाहावे. मुख्य वीज बंद करून पॅनेल, राऊटर आणि सूचना तिन्ही चालतात का ते पाहावे, आणि मग राऊटरही बंद करून काय उरते तेही. शेजाऱ्यांना कल्पना देऊन एकदा सायरन वाजवावा आणि तो त्यांच्या घरात, दारे-खिडक्या बंद असताना, ऐकू येतो का हे त्यांनाच विचारावे. रात्री एखाद्याला दाराशी उभे करून त्याचा चेहरा चित्रणात ओळखू येतो का पाहावे.

आत शिरल्यावर कोड टाकायला मिळणारा अवधी २० ते ३० सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नये. घरात माणसे असताना फक्त दारे-खिडक्यांचे सेन्सर चालू राहतील अशी रात्रीची स्थिती वेगळी लावून ठेवावी, कारण पाण्यासाठी उठल्यावर सायरन वाजू लागला तर यंत्रणा आठवड्याभरात बंद करून ठेवली जाते. पॅनेलला धुराचा सेन्सर जोडता येत असेल तर तो जरूर घ्यावा. धुराचे सेन्सर दहा वर्षांनी बदलायचे असतात, ती तारीख त्याच्या पाठीवर लिहून ठेवावी.

पुढे दर महिन्याला एकदा प्रत्येक दार उघडून सेन्सर तपासावेत, कॅमेऱ्याच्या काचेवरचे धुळीचे आणि कोळिष्टकांचे आवरण पुसावे, आणि मागच्या आठवड्यातले एखादे चित्रण प्रत्यक्ष उघडून पाहावे. घरात काम करणारी व्यक्ती बदलली, भाडेकरू गेला किंवा किल्ली हरवली, तर त्याच दिवशी कोड बदलावा. कुलपाच्या बाबतीत बहुधा पूर्ण कुलूप न काढता फक्त सिलिंडर बदलून भागते.